वळणावरची जागा

लोंगोतोमाचं वळण, ला लिग्वा
८ मार्च १९९२

नोल्फे,

इलारिओने तुझा निरोप दिला. ट्रक कडेला लावला, टोपी काढली आणि मयताची बातमी आणल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, "ओर्फेलिनाताई, नोल्फाताईंनी खाणीवरची नोकरी सोडली. वाळवंटात खानावळ घेतलीय चालवायला." मी म्हटलं, "अरे, मग तू का रडतोस? रडायचं मी."

खाणीवरच्या लोकांना इतकी वर्षं घेवडा शिजवून घातलास, मी बोलले नाही. म्हटलं, कंटाळेल आणि येईल. निलगिरीखालची आईची मिठाई विकायची जागा आई गेली त्या दिवसापासून तुझ्यासाठी राखलीय. कुणी बसू नये म्हणून मी तिथे माझी रिकामी टोपली ठेवते. बाया टोमणे मारतात, "ओर्फेलिना, रस्ता काय तुझ्या बापाचा?" मी सांगते, "बापाचा नाही, आईचा. धाकटी यायचीय माझी." आणि धाकटी बघा! नवरा नाही, पोर नाही, आणि आता जिथे गवताची काडी उगवत नाही तिथे खानावळ.

ठीक आहे. घेतलीस ना? मग ऐक. अठरा सप्टेंबरच्या स्वातंत्र्याच्या सणापर्यंत तुला मुदत. सणाला अख्खा देश पॅनअमेरिकाना हायवेवर उतरतो. त्या दिवशीही तुझी टेबलं रिकामी असली तर मुकाट्याने कुलूप लावायचं आणि आईच्या जागेवर येऊन उभं राहायचं. भरली असली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. कबूल असेल तर तसं लिही.

आणि धंदा कसा करायचा ते मला विचार. पाट्या वाचून कुणी ब्रेक दाबत नाही. पांढरा एप्रन, पांढरी टोपी, हातात पांढरं फडकं. आपल्याला लोक उगाच कबुतरं म्हणत नाहीत. इलारिओबरोबर एप्रन, दोन फडकी आणि मिठाईचे डबे पाठवतेय, आटवलेल्या दुधाचं सारण कालच भरलंय. रस्त्याच्या कडेला उभी राहा आणि फडकं हलव. मनगटातून हलवायचं, खांद्यातून नाही. खांद्यातून हलवलं की बाई भांडायला बोलावतेय असं वाटतं.

तुझी ताई
ओर्फेलिना


'ला पोर्फियादा' खानावळ, ताल्तालच्या फाट्याजवळ
२९ मार्च

ताई,

कबूल. अठरा सप्टेंबर. घोडामैदान जवळच आहे.

खानावळीचं नाव आधीपासूनच 'हट्टी बाई' असं आहे, मी ठेवलेलं नाही. पाटी वाचून मला तुझीच आठवण आली आणि भाड्याची घासाघीस न करता मी हो म्हणाले. पत्र्याचं छप्पर, लाकडी टेबलं, मागे पाण्याच्या टाक्या. पाणी आठवड्याने टँकरने येतं. पूर्वी चालवणारा म्हातारा मुलाकडे समुद्रकाठी गेला, जाताना एक कुत्री ठेवून गेला. ती रात्रभर वाऱ्यावर भुंकते.

घेवडा-शेवया, मटणाचा रस्सा आणि दुपारी मटण-कांदा भरलेल्या, भट्टीत भाजलेल्या एम्पानादा. भट्टी मी स्वतः लिंपली. खाणीवर तीन पाळ्यांना पुरेल एवढं रांधलेली बाई आहे मी, ट्रकवाल्यांना घाबरेन होय? रस्ता मात्र मला नवीन आहे. इतकी वर्षं खाणीच्या बसनेच आले-गेले, तेही झोपून. तू रस्त्यावरची, तुला कळतं. पण हजार किलोमीटरवरून हुकूम सोडायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, हेही लक्षात असू दे.

मिठाई पोचली. अर्धा डबा इलारिओभाऊंनी वाटेत संपवला. म्हणतात, "उन्हाने विरघळली." मिठाई विरघळते का कुठे?

नोल्फा


लोंगोतोमा
१८ एप्रिल

नोल्फे,

एवढं सगळं लिहिलंस आणि फडक्याचं नाव नाही. हलवलंस की नाही? लाज वाटते का? आपली आजी स्टेशनावर गाडीच्या खिडक्यांखाली धावत मिठाई विकायची, आई या वळणावर धुक्यात उभी राहिली, मी उभी आहे. तुला खानावळीची मालकीण झाल्यावर कडेला उभं राहणं कमीपणाचं वाटत असेल तर तसं सांग.

एकदा हलव आणि मला लिही.

ओर्फेलिना


ला पोर्फियादा
१० मे

ताई,

हलवलं. मनगटातून.

सगळे थांबले. पहिला ट्रक थांबला, त्याच्या मागचा थांबला, उत्तरेकडे जाणारी बससुद्धा थांबली. इतकी माणसं एकदम दारात मी कधी पाहिली नव्हती. आता पुन्हा हलवायची गरज उरलेली नाही. इथे प्रत्येक ड्रायव्हरला माझी खानावळ माहीत झाली आहे.

थंडी सुरू झाली. तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा.

नोल्फा


लोंगोतोमा
२ जून

माझ्या शहाण्या नोल्फे,

बघ! मी सांगत नव्हते? तुझं पत्र मी वळणावर सगळ्या बायांना वाचून दाखवलं. "बससुद्धा थांबली" हे वाक्य दोनदा वाचलं. एकजण म्हणाली, "वाळवंटात बस थांबवणं सोपं, तिथे बघायला दुसरं आहे काय?" जळतात मेल्या. पाद्रीबाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आता धाकटीची काळजी सोडा." मी म्हटलं, "काळजी कसली? अठराच्या सणानंतर ती स्वतःच कंटाळून येईल."

आता मी सुचवते ते कर. एक फडकं पुरायचं नाही. फाट्यापाशी एक बाई आणि खानावळीपाशी तू, अशा दोघी उभ्या राहा. पहिलीने वेग कमी करायला लावायचा आणि दुसरीने थांबवायचं. आई आणि मी असंच करायचो. आणखी चार फडकी कांजी करून पाठवतेय.

तुझी, अभिमानाने फुगलेली
ओर्फेलिना


लोंगोतोमा
५ जुलै

नोल्फा,

इलारिओ काल चारही फडकी तशीच परत घेऊन आला. मी विचारलं, "का रे?" तर बूट बघत बसला. मी त्याच्यासमोर मिठाईचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. मग बोलला.

सगळे थांबले म्हणे! थांबले आणि तुला शिव्या घालून गेले, हे लिहायला शाई संपली होती का? दोन महिने तुझ्या दारात त्याच्याशिवाय एक चाक थांबलेलं नाही. आणि मी इकडे पाद्रीपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना तुझं कौतुक सांगत फिरतेय. माझं नाक कापलंस.

आता सणाची वाट बघायची काही गरज नाही. सामान बांध. इलारिओ पंधरवड्याने खाली येताना तुला घेऊन येईल. आईची जागा आहे. इथे फडकं हलवलं की लोकांना भूक लागते, राग येत नाही.

ओर्फेलिना


ला पोर्फियादा
२४ जुलै

ताई,

इलारिओभाऊंबरोबर मी आले नाही, पत्र आलंय. शब्द अठरा सप्टेंबरचा आहे, आणि शब्द तूच दिला होतास.

काय झालं ते आता सगळं ऐक. एप्रन घालून उभी राहिले आणि फडकं हलवलं. पहिल्या ट्रकने इतका करकचून ब्रेक मारला की मागचा माल सरकला. ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन उडी मारून धावत आला. दुसरा औषधांची पेटी घेऊन आला. बसमधून एक नर्स अनवाणी उतरली, तिच्या मागे अर्धी बस. सगळे ओरडत होते, "कुठे आहे? कोण आहे? जिवंत आहे ना?" आणि मी, ताई, तुझी बहीण, टोपलीवरचं कापड उचलून म्हणाले, "ताजी आहे. घ्या ना."

मग पाण्याचा कॅन धरलेला तो फ्रोइलान नावाचा उंच ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "बाई, इथे पांढरं कापड माणूस पाणी संपल्यावर हलवतो. माझा भाऊ याच रस्त्यावर दोन दिवस हलवत होता. लोकांना वाटलं, कुणीतरी मजा करतंय. तेव्हापासून मी प्रत्येक कापडाला थांबतो. तुम्ही मला मिठाईसाठी थांबवलंत."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण शिव्या त्याने दिल्याच नाहीत. त्या दिवसापासून ट्रक येतात, माझ्या दारासमोर लांबलचक भोंगा वाजवतात आणि निघून जातात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तुला खोटं लिहिलं नाही, खरं अर्धं लिहिलं. कारण तुझ्या पुढच्या पत्रात "अभिमानाने फुगलेली" असं येणार हे मला माहीत होतं आणि ते एकदा तरी वाचायचं होतं. जन्मात कधी म्हणाली होतीस?

पण मी येणार नाही. रोज भट्टी पेटवते. रोज घेवडा शिजवते. उरलेला कुत्री खाते, चांगली गुटगुटीत झालीय. ही खानावळ माझी आहे ताई. खाणीवर मी दुसऱ्याच्या चुलीवर रांधलं, तिकडे आले तर तुझ्या सावलीत उभी राहीन. इथे वाईट झालं तरी माझं झालं. चूक केलीय, ती मीच निस्तरेन.

नोल्फा


लोंगोतोमा
१६ ऑगस्ट

नोल्फा,

"तुझ्या सावलीत" हे वाचलं. पुन्हा वाचलं नाही.

मुदत अठरा सप्टेंबरचीच राहील. गुडघा बरा आहे.

ओ.


ला पोर्फियादा
५ सप्टेंबर

ताई,

हे पत्र टपालाने पाठवतेय, कारण इलारिओभाऊ इस्पितळात आहेत. घाबरू नकोस, पाय मोडलाय, बाकी तोंड शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी भांडी घासत होते तेव्हा मोठा आवाज झाला. बाहेर आले तर पलीकडच्या वळणावर धूळ. धावत गेले. भाऊंचा ट्रक टायर फुटून, रस्त्यावरून दिसणार नाही अशा खोल खड्ड्यात आडवा पडला होता आणि ते आत अडकलेले. पाय दारात चेपलेला. मी ओढून बघितलं, हालेना. मला म्हणाले, "आधी खिशातलं पत्र काढा, तुमच्या ताईचं आहे. रक्त लागलं तर मला फाडून खाईल ती." त्यातही हसत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

मी एप्रन काढून रस्त्यावर उभी राहिले आणि जीव खाऊन हलवला. कशाचं मनगट आणि कशाचा खांदा, दोन्ही हातांनी हलवला. एक ट्रक आला. फ्रोइलानचा. प्रत्येक कापडाला थांबणारा माणूस तो. त्याने मला पाहिलं, लांबलचक भोंगा वाजवला आणि गेला. मग बस आली. खिडकीतला एक माणूस मला पोटावर हात फिरवून दाखवत होता, पोट भरलंय म्हणून.

ताई, तेव्हा मी रडले नाही, मला राग आला. कुणाचा ते विचारू नकोस, तुझाही आला. मी खानावळीत धावले आणि टेबल ओढत आणून रस्त्यावर आडवं टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. बाकडी, खुर्च्या, मिळेल ते. पॅनअमेरिकाना या कडेपासून त्या कडेपर्यंत माझ्या टेबलांनी बंद केली. आता चिरडायचं असेल तर चिरडा म्हटलं.

खालून आलेला एक ट्रक टेबलापासून हातभरावर थांबला, एक टेबल चाकाखाली गेलंच. ड्रायव्हर दगड घेऊन उतरला. आणि तेवढ्यात वरून फ्रोइलान ट्रक उलटा चालवत परत आला. थोडं पुढे जाऊन तो थांबलाच होता, तिथून त्याला आरशात टेबलं दिसली होती. उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाई, वेड लागलं का?" मी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग वळणाकडे बोट दाखवलं. गाल चोळायलासुद्धा तो थांबला नाही. धावला. जॅक लावला, साखळ्या लावल्या आणि दोघांनी मिळून दार उचकटलं. भाऊंना त्याच्याच ट्रकमधून नेलं.

दोन दिवसांनी फ्रोइलान आला. फळ्या आणि खिळे घेऊन. मोडलेलं टेबल दुरुस्त केलं, पूर्वीपेक्षा लांब केलं, मग त्यावरच बसला. "काय आहे जेवायला?" म्हणाला. मी म्हटलं, "घेवडा." "मग घेवडा." दोन ताटं खाल्ली. जाताना म्हणाला, "पुन्हा कापड हलवलंत तर थांबेन." मी म्हटलं, "पुन्हा हलवलं तर मिठाईसाठी नसेल." दुसऱ्या दिवशी दारात चार ट्रक उभे होते.

तुझं पत्र मी वाचलं. एवढं लहान पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. तुझ्या सावलीत म्हणाले ते मागे घेत नाही. पण त्या सावलीतच मी मोठी झाले, हेही लिहायला हवं होतं. ते लिहायचं राहिलं.

नोल्फा


लोंगोतोमा
२७ सप्टेंबर

नोल्फे,

तुझं टपालाचं पत्र मी घरी परतल्यावर वाचलं. ते इथे पोचलं तेव्हा मी बसमध्ये होते. त्याआधी मला काय कळलं होतं ते सांगते. एक ट्रकवाला मिठाई घेताना म्हणाला, "तुमच्या बहिणीने हायवेवर टेबलं टाकली आणि एक ट्रक उलटला." झालं! मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं, आता तुरुंगात जाणार. मोठी सुटकेस घेतली, रिकामी. तुझे कपडे भरून आणायला. सतरा तारखेला निघाले. वाटेत तुला काय काय सुनवायचं ते पाठ करत होते. शेजारच्या बाईला झोपायचं होतं, तिलाही त्यातलं थोडं ऐकवलं.

अठराला दुपारी उतरले तर तुझं दार सापडेना. ट्रकच ट्रक. एकीकडे गिटार, रुमाल फिरवत नाचणारी माणसं, कुणाच्या तरी भांड्यात द्राक्षाची दारू. मी सुटकेस घेऊन मध्येच उभी. एका उंच माणसाने माझ्या हातात ताट दिलं. "मावशी, उभ्याच आहात तर हे त्या कडेच्या टेबलावर द्या." म्हटलं, "मी कोण आहे माहीत आहे का?" म्हणाला, "आज कोणीही असा. ताट गार होतंय." तोच तो फ्रोइलान, हे मला रात्री कळलं. नाहीतर उरलेला गाल मीच लाल केला असता.

आणि तू पातेलं घेऊन समोरून गेलीस, मला बघितलंस आणि काय म्हणालीस? "ताई, कांदा चिर." आणि गेलीस! ना मिठी, ना "कशी आलीस". मी एप्रन मागितला आणि दोन दिवस कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कुणी विचारत नव्हतं हे बरं होतं. तिथे मी पहिल्यांदा तुला तुझ्या घरात पाहिलं. वळणावर तू नेहमी माझ्या मागे उभी असायचीस, एक पाय पुढे आणि एक मागे. तिथे दोन्ही पाय रोवून उभी होतीस. ट्रकवाल्यांना दटावत होतीस आणि ते मुकाट ऐकत होते. आई असती तर म्हणाली असती, "ही कुणाची गं?" आणि मग छाती फुगवून स्वतःच सांगितलं असतं.

निघताना बोलायचं होतं ते बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. फडक्याचं खूळ माझं होतं. माझा रस्ता तोच तुझा रस्ता, असं मी धरून चालले. माझ्यामुळे तुला तीन महिने भोंगे ऐकावे लागले, आणि त्या बिचाऱ्या इलारिओला पायापेक्षा माझ्या पत्राची काळजी. चुकलं माझं. इलारिओकडे इस्पितळात जाऊन आले. एक अख्खा डबा दिला, झाकण न लावता.

एम्पानादात कांदा अजून हवा, ते मात्र मी मागे घेणार नाही.

आता खरी गोष्ट. परवा समुद्रकाठच्या गावातून एक बाई आली. नेरेइदा नाव. नवरा मासेमारीला गेला तो परतला नाही, दोन पोरी पदरात. उभं राहायला जागा मागत होती. बायांनी सवयीने माझ्या रिकाम्या टोपलीकडे बघितलं. मी टोपली उचलली आणि तिला निलगिरीखाली उभी केली. फडकं खांद्यातून हलवते, भांडायला बोलावल्यासारखं. शिकेल.

तेव्हा नोल्फे, आईची जागा गेली. आता तुला परत यायला जागा नाही. मला काल रात्रभर वाईट वाटलं आणि सकाळी वाटेनासं झालं. तू परत येऊ नकोस. माहेरपणाला ये.

तुझी
ताई